इटलीची अपरिचित वाईन: ती अपरिचित का राहिली, हे आधी विचारा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. तुम्ही जर्मनीत नोकरीला आहात. क्यांती, प्रोसेक्को आणि सणासुदीला एखादी बारोलो, एवढी इटली तुम्हाला ठाऊक आहे. बाटलीमागे पंधरा-वीस युरो खर्चायची तयारी आहे, पण दुकानात इटलीच्या फळीसमोर उभे राहिले की नावांच्या गर्दीत काही सुधरत नाही. नोव्हेंबरात आठवडाभर उत्तर इटलीत जायचे आहे. आणि तुम्हाला यादी नको आहे, शोधायचे कसे ते हवे आहे.

यादी नको म्हणालात ते फार बरे केलेत. इटलीच्या राष्ट्रीय नोंदवहीत वाईनच्या द्राक्षांचे पाचशेहून अधिक वाण आहेत. रेस्टॉरंटांसाठी इटालियन वाईन निवडणे हे माझे रोजचे काम, तरी दरवर्षी एखादा वाण मी पहिल्यांदाच चाखतो. पाठांतराने हे जमणारे नाही. मी स्वतः एकच प्रश्न विचारत पुढे जातो: ही वाईन चांगली असेल, तर आजवर कुणाला माहीत का नव्हती? त्याचे उत्तर मिळाले की बाटलीत काय असेल याचा निम्मा अंदाज येतो, आणि पैसे टाकावेत की नाही हेही कळते.

सुरुवात तिमोरास्सोपासून करा. पिएमॉन्ते प्रांताच्या आग्नेय कोपऱ्यात तोर्तोना नावाचे शहर आहे, त्याच्या आजूबाजूच्या टेकड्यांवरचा हा पांढरा वाण. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात फायलोक्सेरा ही मुळे खाणारी कीड अमेरिकेतून युरोपात आली आणि तिने बागाच्या बागा झोपवल्या. नव्याने लागवड करायची वेळ आली तेव्हा तोर्तोनाच्या शेतकऱ्यांनी तिमोरास्सो सोडून कोर्तेझे हा दुसरा पांढरा वाण लावला. हिशेब सरळ होता. तिमोरास्सोची फळधारणा बेभरवशाची, मणीगळ ठरलेली, एकाच घडातले मणीही एकसारखे पिकत नाहीत. कोर्तेझे मात्र न कुरकुरता दरवर्षी भरपूर माल देतो. नाशिककडच्या कुठल्याही बागायतदाराला हा निर्णय समजावून सांगावा लागणार नाही. चवीचा प्रश्न त्यात आलाच नाही.

ऐंशीच्या दशकात हा वाण कुठे-कुठे एखाद्या ओळीपुरता उरला होता. मोन्लेआले गावच्या वॉल्टर मास्सा यांनी तो वेगळा काढून १९८७ च्या हंगामाची स्वतंत्र वाईन केली. पुढे आसपासचे उत्पादक त्यांच्यामागून आले, आणि आज बारोलोची नामवंत घराणी तोर्तोनाच्या टेकड्यांवर जमिनी घेत आहेत. लेबलवर 'देर्थोना' असे दिसले तर गोंधळू नका, ते तोर्तोनाचेच रोमनकालीन नाव आहे. तुम्ही जर्मनीत आहात म्हणजे तिथली पांढरी रीसलिंग, तीही जुनी, चाखली असेलच. तिमोरास्सोही तशीच वागते: पहिल्या वर्षी टणक, लिंबाच्या सालीसारखी, चार-पाच वर्षांनी मध, सुकलेली रानफुले, आणि मागे रॉकेलसारखा तो विचित्र पण हवाहवासा वास. अंगाने मात्र ती रीसलिंगपेक्षा भरदार. फ्रिजमधून काढून लगेच पिऊ नका. १२ अंशांच्या आसपास येऊ द्या, नाहीतर आंबटपणाखेरीज काही हाती लागणार नाही. तुमच्या बजेटच्या वरच्या टोकाला ती मिळेल, पण भाव चढतो आहे, तेव्हा लवकर घ्या.

आता दुसऱ्या टोकाला, स्लोव्हेनियाच्या सीमेवर फ्रिउलीत चला. तिथल्या स्कियोप्पेत्तिनो या काळ्या वाणाची गोष्ट मला सगळ्यांत जवळची. तो मागे पडला तो शेतकऱ्याच्या हिशेबाने, आणि अडकून पडला कायद्याने. कुठल्या भागात कोणते वाण लावता येतील याच्या सरकारी याद्या झाल्या, त्यांत हे नाव नव्हते. म्हणजे वाण नुसता दुर्मीळ नव्हता, तो लावणे बेकायदा होते. पाओलो आणि दिना रापुझ्झी या दांपत्याने १९७० मध्ये प्रेपोत्तोजवळ च्याल्ला नावाच्या दरीत जमीन घेतली, आसपासच्या गावांतून उरलेसुरले वेल शोधले, काड्या आणल्या आणि नियम धाब्यावर बसवून बाग उभी केली. ग्राप्पा ही द्राक्षाच्या चोथ्याची दारू गाळणाऱ्या नोनिनो कुटुंबाने १९७५ मध्ये एक पुरस्कार सुरू केला, तो मुळी अशा हद्दपार वाणांना वाचवणाऱ्यांसाठी. रापुझ्झी त्याच्या पहिल्या मानकऱ्यांपैकी. त्याचा गाजावाजा झाला, सरकारवर दबाव आला, आणि स्कियोप्पेत्तिनो, पिन्योलो, तात्झेलेंघे या फ्रिउलीच्या वाणांना पुढे रीतसर परवानगी मिळाली.

स्कियोप्पेत्तिनो उघडली की पहिला वास काळ्या मिरीचा येतो. हे वर्णनापुरते नाही. आपल्या मसाल्याच्या डब्यातल्या मिरीला जो रेणू तिचा वास देतो, तो रोटंडोन, या द्राक्षाच्या सालीतही असतो. ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी २००८ मध्ये शिराझ या लाल वाईनमधल्या मिरीच्या वासाचे कारण म्हणून तो ओळखला. नंतर स्कियोप्पेत्तिनोत आणि पिएमॉन्तेच्या वेस्पोलीना या काळ्या वाणातही तो सापडला. गंमत अशी की साधारण पाचांतल्या एका माणसाला हा वास मुळीच येत नाही. घरात दोघे पीत असाल आणि एकाला मिरी लागली, दुसऱ्याला नुसतीच काळी बेरी, तर भांडू नका. दोघांचे नाक ठीक आहे. ही वाईन फार जड नसते, तुरटपणा मध्यम, अल्कोहोल बेताचे. आपल्या जेवणासोबत बसणाऱ्या लाल वाईनमध्ये मी हिला पहिल्या दोन-तीनांत धरतो.

वेस्पोलीनाचे नाव आलेच आहे तर शेजाऱ्याच्या सावलीत राहिलेल्या वाईनबद्दल बोलू. बारोलो आणि बार्बारेस्को ज्या नेब्बियोलो द्राक्षाच्या, तेच द्राक्ष पिएमॉन्तेच्या उत्तरेला, आल्प्सच्या पायथ्याशी गात्तिनारा, गेम्मे, बोका, लेस्सोना या छोट्या गावांत पिकते. तिथे त्याला स्पान्ना म्हणतात. एके काळी या पट्ट्यात द्राक्षबागांचे मोठे क्षेत्र होते. मग फायलोक्सेरा आली, आणि बिएल्लाच्या लोकर गिरण्यांत पगारी काम मिळू लागल्यावर चढावरच्या बागा कसायला माणूस उरला नाही. बागांवर जंगल चढले, ते आजही उतारांवर दिसते. पण माती तीच राहिली: गात्तिनारा आणि बोकाला प्राचीन ज्वालामुखीचा तांबूस, आम्लधर्मी खडक आहे, बारोलोसारखी चुनखडीची माती नाही. त्यामुळे वाईन सडपातळ, लोखंडाची आणि सुकलेल्या गुलाबाची आठवण देणारी; वेस्पोलीनाची थोडी मिसळ असेल तर मिरीची झाकही येते. बारोलोच्या निम्म्या किमतीत नेब्बियोलो काय चीज आहे हे समजून घ्यायचे असेल, तर 'कोस्ते देल्ला सेझिया' किंवा 'कोल्लिने नोवारेझी' असे लिहिलेली साधी बाटली घ्या. गात्तिनारा नंतर.

त्याच नेब्बियोलोचे एक टोक कारेमा गावात आहे. इथे वेल दगडी खांबांवर उभारलेल्या मांडवांवर चढवतात. खांब दिवसभर ऊन पितात आणि रात्री ऊब परत देतात, नाहीतर त्या थंडीत द्राक्ष पिकलेच नसते. यांत्रिकीकरण अशक्य, क्षेत्र जेमतेम, तरुण मंडळी शहरात गेलेली: अपरिचित राहण्याचे कारण इथे निव्वळ चढ आहे. गावातली सहकारी संस्था १९६० पासून ही वाईन करते आहे आणि अजूनही परवडेल अशा भावात विकते. सहकारी म्हटले म्हणून दर्जाबद्दल शंका घेऊ नका. इटलीत बार्बारेस्कोची किंवा दक्षिण तिरोलमधल्या तेर्लानोची सहकारी संस्था कुठल्याही खासगी घराण्याच्या तोडीची वाईन करते. कारेमाहून आणखी वर, मॉन्ट ब्लाँकच्या पायथ्याशी मोर्जेच्या परिसरात प्रिए ब्लाँ हा पांढरा वाण हजार-बाराशे मीटरपर्यंत चढतो. तिथे फायलोक्सेरा पोहोचलीच नाही, म्हणून वेल अजून स्वतःच्या मुळांवर आहेत, किडीला दाद न देणाऱ्या खुंटावर कलम केलेले नाहीत. वाईन हलकी, बर्फाच्या पाण्यासारखी स्वच्छ. मिळाली तर जरूर घ्या, पण तिच्यासाठी शोधाशोध करत बसू नका.

पुढची जात बदनाम वाईनची. माझ्या मते तुमच्या बजेटमध्ये सगळ्यांत मोठा ठेवा इथे आहे.

लाम्ब्रुस्को म्हटले की लोक नाक मुरडतात. सत्तर आणि ऐंशीच्या दशकांत गोड, फसफसती, स्वस्त लाम्ब्रुस्को अमेरिकेत प्रचंड खपली आणि तीच तिची ओळख होऊन बसली. मोदेनाच्या आसपास लोक घरी जी पितात ती वेगळीच: कोरडी, आणि कधी पार बाटलीतच दुसऱ्यांदा आंबवलेली, तळाशी गाळ असलेली. लाम्ब्रुस्को हा एक वाण नाही, कुटुंब आहे. त्यातल्या दोन वाणांची नावे लक्षात ठेवा. ग्रास्पारोस्सा गडद, जांभळी, जरा तुरट. सोर्बारा अगदी उलट, फिकट गुलाबी, रानस्ट्रॉबेरीच्या वासाची, आणि आंबटपणा असा धारदार की पहिला घोट घेताच तोंडाला पाणी सुटते. सोर्बाराची फुले प्रत्यक्षात मादी असतात, स्वतःच्या परागांवर फळ धरत नाहीत. म्हणून शेजारच्या ओळींत सालामीनो हा दुसरा लाम्ब्रुस्को लावावा लागतो, आणि तरीही घड विरळच भरतो. विरळ घड म्हणजे कमी माल, पण मण्यामण्याला चव. बाटलीवर 'सेक्को' हा शब्द पाहून घ्या, म्हणजे कोरडी. 'अमाबिले' आणि 'दोल्चे' गोड. १० ते १२ अंशांवर प्या, सोबत तळलेले काहीही. बटाटेवड्याबरोबर आणि खिमा-पावाबरोबर मी ती पाजली आहे, आणि वाईन नको म्हणणाऱ्यांनी दुसरा ग्लास मागितला आहे. चांगली सोर्बारा अनेकदा पंधरा युरोच्या आत येते. मला तर इटलीत या भावात याहून प्रामाणिक वाईन दुसरी दिसत नाही.

वेर्दिक्कियोचीही थोडी अशीच गत. मार्के प्रांतातला हा पांढरा वाण पन्नासच्या दशकात माठाच्या आकाराच्या हिरव्या बाटलीतून जगभर गेला. बाटली प्रसिद्ध झाली, वाईन स्वस्त होत गेली, आणि समुद्रकिनाऱ्यावर मासळीसोबत ढोसायची चीज असा शिक्का बसला. वास्तविक ही इटलीच्या सर्वांत दीर्घायुषी पांढऱ्या वाईनपैकी एक. येझी गावाच्या बाजूची जास्त मिळते, पण मी तुम्हाला मातेलिका गावची शोधायला सांगेन. तिथली दरी समुद्राकडे उघडत नाही, उत्तर-दक्षिण पसरली आहे. समुद्राची ऊब पोहोचत नाही, रात्री थंड होतात, द्राक्षातला आंबटपणा टिकतो. शेवटच्या घोटाला कडू बदामाची चव येते, ती दोष समजू नका.

दक्षिणेबद्दल थोडक्यात सांगतो, कारण तुमचा प्रवास उत्तरेचा आहे. काम्पानियातली फियानो दि आवेल्लीनो ही पांढरी आणि बाझिलिकाताची आल्यानिको देल वुल्तुरे ही लाल, दोन्ही आजही त्यांच्या लायकीपेक्षा स्वस्त आहेत. आल्यानिकोला मात्र वेळ द्या. विझलेल्या ज्वालामुखीच्या उतारावर ती ऑक्टोबरअखेरपर्यंत वेलीवर असते आणि कोवळी प्यायलात तर जीभ खरवडते. सिसिलीत एत्ना ज्वालामुखीवरच्या वाईनमागे आता सगळेच लागलेत, भावही तसे झालेत. त्याऐवजी वित्तोरियाकडची फ्राप्पातो घ्या, हलकी लाल, थंड करून प्यायची. नेरो दाव्होला या काळ्या द्राक्षासोबत तिची मिसळ म्हणजे चेरासुओलो दि वित्तोरिया, सिसिलीची एकमेव डीओसीजी, म्हणजे इटलीच्या नियमांतल्या सर्वांत वरच्या पातळीची वाईन.

आणि हेही बोलले पाहिजे: काही वाईन अपरिचित आहेत कारण त्या तशाच राहायला हरकत नाही. दुर्मीळ वाण वाचवणे हे मोलाचे काम आहे, पण त्यामुळे प्रत्येक बाटली चांगली होत नाही. वर ज्याचे नाव आले तो तात्झेलेंघे इतका आंबट आणि तुरट असतो की अगदी निष्णात हातांतच तो पिण्याजोगा होतो. विक्रेता वाण किती दुर्मीळ आहे एवढेच सांगत असेल आणि वाईनची चव सांगत नसेल, तर पुढे चला.

आता लेबल. डीओसी, डीओसीजी, आयजीटी ही अक्षरे नियमांची पातळी सांगतात: कुठली द्राक्षे, कुठल्या हद्दीतली, किती उत्पन्न, किती मुरवण. चवीची हमी त्यांत नाही. फ्रिउलीतल्या योस्को ग्रावनेर यांची मातीच्या रांजणांत मुरलेली रिबोल्ला ही पांढऱ्या द्राक्षाची वाईन जगभर नावाजली जाते, आणि कागदावर ती साधी आयजीटीच आहे. मी आधी बाटलीची मागची बाजू वाचतो. बाटली कुणी भरली आणि कुठल्या गावात, हे छापणे बंधनकारक आहे. ते गाव वाईनच्याच टेकड्यांतले असेल तर भरवसा वाढतो. दोनशे किलोमीटरवरच्या औद्योगिक गावाचे नाव असेल तर वाईन टँकरने गेली आहे असे समजा. झाकणाच्या वेष्टनावर डोक्यावर टोपली घेतलेल्या माणसाचे चिन्ह दिसले, तर तो उत्पादक फीव्ही या स्वतंत्र द्राक्ष-उत्पादकांच्या संघटनेचा सभासद. स्वतः पिकवतो, स्वतः करतो, स्वतः बाटलीत भरतो.

नावांचे दोन सापळे सांभाळा. मोंतेपुल्चानो द'आब्रुत्झो ही मोंतेपुल्चानो या वाणाची वाईन, तर वीनो नोबिले दि मोंतेपुल्चानो ही टस्कनीतल्या त्या नावाच्या गावाची, सांजोवेझे द्राक्षाची. एकमेकींशी संबंध नाही. तसेच लाक्रिमा दि मोर्रो द'आल्बा ही गुलाबाच्या वासाची सुंदर लाल वाईन मार्केची आहे. पिएमॉन्तेच्या आल्बाशी तिचे काही नाते नाही.

जेवणाचे तुम्ही विचारले नाहीत, पण घरी स्वयंपाक मराठी असेल तर हे लागेल. तिखटाने तुरटपणा आणि अल्कोहोल दोन्ही अंगावर येतात. म्हणून उंब्रियाची साग्रांतिनो, जिचा तुरटपणा इटलीत सर्वांत जबर गणला जातो, ती तांबड्या रश्श्यासोबत उघडू नका; दोघांचाही विचका होईल. तिखटासोबत कमी तुरट, जरा थंड, आंबटपणा चांगला असलेली वाईन हवी: फ्राप्पातो, सोर्बारा, दक्षिण तिरोलची स्कियावा. भरल्या वांग्याला फ्राप्पातो छान लागते, शेंगदाण्याच्या कुटाशी तिचे जमते. तळलेल्या सुरमईला वेर्दिक्कियो. तिमोरास्सो मात्र मसाल्यात हरवते, तिला साधा वरणभात-तूप बरा. महाराष्ट्रातल्या तुमच्या नातेवाइकांना यांतले फारसे काही मिळणार नाही, मिळाले तरी कर आणि शुल्क चढून भाव भलताच होतो. त्यांना अकलूजकडच्या फ्रातेल्लीची सांजोवेझे घ्यायला सांगा. इटालियन भागीदारांसोबत सोलापूर जिल्ह्यात लावलेले ते इटालियन द्राक्ष आहे, आणि आंबट चेरीचा तो ठसा त्यात ओळखता येतो.

नोव्हेंबरच्या सहलीबद्दल. त्या महिन्यात फीव्हीचा बाजार भरतो, पूर्वी पियाचेन्झात, २०२३ पासून बोलोन्यात. शेकडो उत्पादक स्वतः टेबलामागे उभे असतात, तिकीट काढून कुणीही आत जाऊ शकतो, चाखायचे आणि आवडली ती ट्रॉलीत टाकायची. तारखा जुळत असतील तर सहलीची आखणी त्याभोवती करा. बोलोन्याहून मोदेना रेल्वेने अर्ध्या तासाच्या आत, म्हणजे सोर्बारा तिच्या घरीच प्यायला मिळेल. तारखा जुळत नसतील तर तोर्तोना गाठा, मिलानहून दिवसभरात जाऊन येण्याजोगे आहे. उत्पादकाकडे जायचे असेल तर आठवडाभर आधी ईमेल किंवा फोन करा. ही माणसे शेतकरी आहेत, दाराशी स्वागतकक्ष नसतो. चाखण्याचे पैसे घेतले नाहीत तर दोन-तीन बाटल्या विकत घेणे ही रीत आहे. आणि तिमोरास्सोच्या घ्याल तेव्हा शक्य असल्यास चालू हंगामाची एक आणि चार-पाच वर्षे जुनी एक मागा. जुन्या बाटल्या बऱ्याच जणांकडे मागे ठेवलेल्या असतात, विचारल्याशिवाय बाहेर येत नाहीत.